निदान आणि निष्ठा

२६ जानेवारी १९५९ रोजी पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढे तीन मुलांच्या पेशींविषयी एक छोटेखानी निबंध सादर झाला. सर्वसाधारण माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, या तीन मुलांच्या पेशींत ती ४७ आढळली, एवढेच त्यात सांगितले होते. परंतु बुद्धीच्या अपंगत्वाचा गुणसूत्रांच्या संख्येशी असलेला प्रत्यक्ष संबंध त्या निबंधाने प्रथमच जगापुढे आणला. निबंधावर पहिले नाव होते जेरोम लेज्यून या बत्तीस वर्षांच्या बालरोगतज्ज्ञाचे. पुढील पस्तीस वर्षांत या माणसाला सन्मान मिळाले, शिव्याशापही मिळाले. १९९४ मध्ये ईस्टरच्या दिवशी त्यांचे निधन झाले, आणि २०२१ मध्ये कॅथलिक धर्मपीठाने संतपदाच्या मार्गावरील 'आदरणीय' ही पायरी त्यांना बहाल केली.

धर्मपीठाने काय ठरवावे, हा त्याच्या अनुयायांचा प्रश्न. परंतु लेज्यून यांच्या आयुष्यात एक प्रश्न असा उभा राहिला, की तो कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसालाही टाळता येणार नाही. ज्या ज्ञानातून रोगाचे मूळ उमगले, तेच ज्ञान रोग्याचा जन्म टाळण्यासाठी वापरले जाऊ लागले, तर वैद्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे?

आईबापांच्या माथ्यावरील कलंक

लेज्यून यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसलगतच्या मोंरूज गावचा. वैद्यकीचे शिक्षण आटोपल्यावर ते त्रुसो रुग्णालयात प्राध्यापक रेमों त्युर्पां यांच्या हाताखाली काम करू लागले. तेथे त्यांचे लक्ष वेधून घेतले ते 'मंगोल' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलांनी. लंडनजवळच्या एका संस्थेत काम करणारे डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले होते, आणि त्यांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांचे नाते थेट मंगोल वंशाशी जोडले होते. वंशांच्या उच्चनीचतेवर विश्वास ठेवणाऱ्या त्या काळाला ते नाव सहज पटले.

नावापेक्षाही क्रूर होता तो समज. असे मूल जन्मले की आईबापांपैकी कोणाला तरी गुप्तरोग असावा, कोणी तरी मद्यपी असावा, अशी कुजबूज सुरू होई. आई समाजात तोंड दाखवेनाशी होई. मूल घरात दडवून ठेवले जाई, नाहीतर एखाद्या संस्थेत कायमचे टाकले जाई. आपल्याकडे अशा घराकडे पाहून 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणत. फ्रान्समध्ये शब्द निराळे होते, पण आईच्या वाट्याला येणारे दुःख तेच होते.

त्युर्पां आणि लेज्यून यांनी आरंभ केला तो या मुलांच्या हातांच्या रेषांपासून. ज्योतिष्याला तळहातावर भविष्य दिसते. या दोघांना भूतकाळ हवा होता, कारण तळव्यावरील रेषा गर्भावस्थेतच उमटतात. त्या मुलांच्या रेषांचे वळण ठरावीक तऱ्हेने वेगळे आहे, हे १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे बिघाड जन्मापूर्वीचाच होता आणि फार लवकर घडलेला होता. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये काम करणाऱ्या ट्यिओ व लेव्हान या शास्त्रज्ञांनी माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ असल्याचे सिद्ध केले. आता मोजणे शक्य होते. १९५८ मध्ये त्रुसो रुग्णालयातील प्रयोगशाळेत ते सत्तेचाळिसावे गुणसूत्र दिसले. पुढे ते २१ व्या जोडीतील तिसरे म्हणून ओळखले जाऊ लागले.

या शोधाने कोणताही आजार बरा झाला नाही. पण असंख्य मातांच्या माथ्यावरचा कलंक पुसला गेला. बीजपेशींच्या विभाजनात घडलेल्या एका अपघाताला आईचे चारित्र्य किंवा बापाचे व्यसन कारण नव्हते, हे आता सूक्ष्मदर्शकातून दाखवता येत होते. १९६१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एकोणीस शास्त्रज्ञांनी पत्र लिहून 'मंगोल' हा शब्द टाकून द्यावा, अशी सूचना केली. सह्या करणाऱ्यांत लेज्यून होते, त्युर्पां होते आणि खुद्द लँग्डन डाउन यांचे नातूही होते. पुढे मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द सोडला.

श्रेयाचा वाद

या कथेतील एक नाव मात्र दीर्घकाळ काळोखात राहिले. ज्या प्रयोगशाळेत हा शोध लागला, ती उभी केली होती डॉ. मार्थ गोतिए यांनी. त्याही बालरोगतज्ज्ञ. अमेरिकेत हार्वर्ड येथे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले आणि १९५६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्रुसो रुग्णालयात, तुटपुंज्या साधनांनिशी, ते रुजवले. स्वतः कर्ज काढून काचसामान घेतले. पेशी वाढवण्यासाठी लागणारे द्रव्य मिळावे म्हणून रुग्णालयात एक कोंबडा पाळला, आणि रक्तद्रव स्वतःच्याच शरीरातून काढला. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला छायाचित्रे घेण्याची सोय नव्हती. ती घेण्यासाठी पेशींच्या काचपट्ट्या लेज्यून यांच्याकडे गेल्या, आणि निबंध छापून आला तेव्हा पहिले नाव लेज्यून यांचे होते. गोतिए यांचे नाव दुसरे होते, आणि तेही चुकीचे छापलेले.

पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, गोतिए यांनी आपली बाजू लिहून काढली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने अभिप्राय दिला, की अतिरिक्त गुणसूत्राच्या शोधात लेज्यून यांचा वाटा सर्वांत मोठा असण्याची शक्यता कमी दिसते. लेज्यून यांच्या नावाची संस्था हे मानत नाही. तत्कालीन पत्रव्यवहाराचा दाखला देऊन ती आपली बाजू मांडते. मार्थ गोतिए २०२२ मध्ये निवर्तल्या.

सत्पुरुषाचे चरित्र लिहिताना असे प्रकरण झाकून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. पेशी वाढवण्याचे कष्ट एका स्त्रीने उपसले आणि कीर्ती दुसऱ्याकडे गेली, हा अन्याय लेज्यून यांच्या पुढील सेवेने धुऊन निघत नाही. त्याचप्रमाणे, या अन्यायामुळे त्यांची पुढची सेवाही खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यातल्या आहेत आणि त्या तशाच पाहिल्या पाहिजेत.

चाचणीचे दुधारी शस्त्र

शोधानंतर लेज्यून यांच्यावर मानाचा वर्षाव झाला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते त्यांना केनेडी प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये ज्या मुलांचे रडणे मांजरीच्या आवाजासारखे असते, त्यांच्या व्याधीचे मूळ पाचव्या गुणसूत्रातील तुटीत असल्याचे त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात मूलभूत आनुवंशिकीचे अध्यासन त्यांच्याकडे आले. पण नेकेर बालरुग्णालयातील त्यांची तपासणी-खोली कधी ओस पडली नाही. देशोदेशींचे आईबाप मुलांना घेऊन तेथे येत. मुलाच्या व्याधीचे नाव सांगण्याआधी ते मुलाचे नाव विचारीत आणि त्याच्याशी त्या नावाने बोलत, ही त्यांची रीत त्यांच्या रुग्णांच्या कुटुंबांनी पुढे आवर्जून सांगितली आहे.

त्याच सुमारास विज्ञान एक पाऊल पुढे गेले. १९६६ मध्ये गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे तपासणे साध्य झाले, आणि १९६८ मध्ये डाउन सिंड्रोमचे निदान जन्मापूर्वीच करता आले. उपचार काहीच नव्हता. मग अशा निदानाचा उपयोग तरी काय? बहुतेकांनी दिलेले उत्तर एकच होते : गर्भपात. फ्रान्समध्ये १९७० मध्ये व्यंग असलेल्या गर्भापुरती गर्भपाताला मुभा देणारे विधेयक पुढे आले. १९७५ च्या व्हेय कायद्याने गर्भपाताला सर्वसाधारण मान्यता दिलीच. शिवाय बरी न होणारी गंभीर व्याधी असण्याची दाट शक्यता असल्यास गर्भावस्थेच्या कोणत्याही टप्प्यावर तो करता येईल, अशी तरतूदही केली.

हे वारे लेज्यून यांनी आधीच ओळखले होते. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मानवी आनुवंशिकी संघटनेने सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. सत्काराला उत्तर देताना आभाराची गोड भाषणे होतात. लेज्यून यांनी मात्र त्या सभेत आपल्याच क्षेत्रातील धुरीणांना बजावले, की रोग्याला नाहीसे करून रोगाचे निर्मूलन करणे ही वैद्यकी नव्हे. सभागृह थंड झाले. त्या रात्री त्यांनी पत्नी बिर्ट यांना लिहिलेल्या पत्रात आज आपण नोबेल पारितोषिक गमावले, अशा आशयाचे उद्गार काढले, असे त्यांचे कुटुंबीय सांगत आले आहेत. ते पारितोषिक त्यांना खरोखर मिळाले असते काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. मात्र त्यानंतर मायदेशी त्यांना शत्रूंची वाण राहिली नाही. चरित्रकार लिहितात, की विद्यापीठाच्या भिंतींवर त्यांच्याविरुद्ध घोषणा रंगवल्या गेल्या आणि पुढे सरकारी संशोधन-निधीही आटला.

श्रद्धा आणि तर्क

लेज्यून निष्ठावंत कॅथलिक होते. १९७४ मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीवर त्यांची नेमणूक झाली. १९८१ मध्ये अणुयुद्धाच्या धोक्याचा इशारा घेऊन अकादमीच्या वतीने ते मॉस्कोला ब्रेझनेव्ह यांच्या भेटीस गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. १३ मे १९८१ रोजी पोपवर गोळीबार झाला, त्या दुपारी लेज्यून पतिपत्नी त्यांच्याकडेच भोजनास होते. १९९४ च्या आरंभी धर्मपीठाने जीवनविषयक नवी अकादमी स्थापन केली, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने खंगलेल्या लेज्यून यांना तिचे पहिले अध्यक्ष केले. काही आठवड्यांतच ते गेले.

साहजिकच, त्यांची भूमिका म्हणजे केवळ चर्चचा आदेश, असे विरोधकांनी मानले. लेज्यून यांचा दावा वेगळा होता. मनुष्याचा आरंभ फलित पेशीपासून होतो, हे आपण जीवशास्त्राच्या आधारे सांगतो, असे ते म्हणत. १९८९ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात, गोठवलेल्या भ्रूणांचा ताबा घटस्फोटित पतीकडे असावा की पत्नीकडे, या खटल्यात साक्ष देताना त्यांनी हाच युक्तिवाद केला. येथे त्यांच्याशी मतभेद असणे शक्य आहे आणि अनेक विचारी माणसांचा आहेही. पेशीत मानवी गुणसूत्रे आहेत हे विज्ञान सांगेल. तिला माणसाचे सर्व अधिकार केव्हा द्यावेत, हे केवळ विज्ञान सांगू शकत नाही. शिवाय त्यांच्या निरपवाद भूमिकेत गर्भ वाहणाऱ्या स्त्रीच्या इच्छेला, तिच्या परिस्थितीला आणि आईबापांच्या पश्चात मुलाचे कसे होणार या काळजीला पुरेशी जागा नाही, हा आक्षेपही खोडून काढण्याजोगा नाही.

पण एका बाबतीत त्यांच्या टीकाकारांनाही त्यांना दोष देता येत नाही. मुलाला जन्म द्या, असे सांगून ते दूर झाले नाहीत. या मुलांवर उपाय सापडेल, या आशेने ते अखेरपर्यंत त्यांच्या शरीरातील रासायनिक व्यवहारांचा अभ्यास करीत राहिले. तो उपाय त्यांना सापडला नाही. तरीही ही मुले संशोधनाला पात्र आहेत, हा त्यांचा आग्रह वाया गेला नाही. अल्झायमरच्या विकाराशी निगडित असलेले एक महत्त्वाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये दिसून आले, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना तो विकार लवकर का गाठतो, याचा उलगडा होऊ लागला. ज्यांना समाजाने ओझे मानले, त्यांच्या अभ्यासातून साऱ्या वृद्धांच्या उपयोगी पडणारे ज्ञान हाती येत आहे.

दरम्यान या मुलांचे आयुष्यही पालटले. विसाव्या शतकाच्या मध्यास अशी मुले सरासरीने बारा वर्षांच्या आसपासच जगत. प्रगत देशांत आता ही माणसे साठीच्या घरात पोचतात. यामागे गुणसूत्र दुरुस्त करणारे कोणतेही अद्भुत औषध नाही. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागली. छातीच्या संसर्गावर प्रतिजैविके मिळू लागली. संस्थांच्या कोंडवाड्यांतून सुटून मुले घरी वाढू लागली. एकेकाळी याच मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचे टाळले जाई, कारण त्यांच्यावर श्रम कशाला, असा विचार होता. म्हणजे त्यांच्या अल्पायुष्याचे एक कारण त्या गुणसूत्रात होते, तर दुसरे डॉक्टरांच्या मनात.

आपल्या दारातील प्रश्न

पॅरिसमधील हा वाद महाराष्ट्राला परका वाटण्याचे कारण नाही. गर्भजलपरीक्षा भारतात आली ती १९७०च्या दशकाच्या मध्यास, गर्भातील व्यंगे शोधण्याच्या हेतूने. अल्पावधीतच तिचा खरा धंदा कशावर चालला, हे सर्वांना ठाऊक आहे. आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचा लाखोंचा हुंडा वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकू लागल्या. मुंबईतील स्त्री-संघटनांनी व जागरूक डॉक्टरांनी लढा दिला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या तंत्राच्या गैरवापरावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही १९९१ मध्ये राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९४६ मुली होत्या, त्या २०११ पर्यंत ८९४ वर आल्या. निदानाचे साधन निर्वैर नसते, ते समाजाच्या मनातील वैर उचलते, हे आपण आपल्याच लेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

मुलगी असणे हा आजार नाही आणि डाउन सिंड्रोम ही खरी व्याधी आहे, हा भेद मान्य केलाच पाहिजे. म्हणूनच आपल्या कायद्याने गुणसूत्रांतील दोष शोधण्यास मुभा ठेवली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. हा निर्णय आईने घ्यावयाचा आहे आणि तो तिचाच राहिला पाहिजे. प्रश्न इतकाच, की तो घेताना तिच्यापुढे काय ठेवले जाते? २०११ पासून आईच्या रक्तावरून या व्याधीची शक्यता वर्तवणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या आहेत. चाचणीचे दरपत्रक सहज मिळते. पण अशी मुले शाळेत जातात, कामे करतात, साठी गाठतात, हे तिला कोण सांगतो? अशा मुलाच्या आईशी तिची गाठ कोण घालून देतो? हे न सांगता घेतलेली संमती पूर्ण संमती म्हणता येईल काय?

आणि ज्या आईबापांनी मूल वाढवायचे ठरवले, त्यांच्या पाठीशी कोण आहे? कागदावर बरेच काही आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या आजारांत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे, आणि जिल्हापातळीवर लवकर उपचार सुरू करणारी केंद्रे त्यात अभिप्रेत आहेत. २०१६ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण हृदयतपासणी वेळेवर होणे, थायरॉइडची चाचणी दरवर्षी होणे, बोलण्याचे व चालण्याचे प्रशिक्षण पहिल्या वर्षापासूनच मिळणे, शाळेने दार न लावणे, या साध्या गोष्टींवर त्या मुलाचे सारे आयुष्य अवलंबून असते. गडचिरोलीच्या वा नंदुरबारच्या आईला त्या मिळतात की नाही, हीच या कायद्यांची खरी कसोटी आहे.

लेज्यून यांचे सर्व विचार स्वीकारावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या श्रेयाच्या कथेतील खोटही विसरू नये. परंतु ज्याला बरे करता येत नाही, त्याच्या बाबतीत आपले कर्तव्य संपत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कीर्तीचे मोल देऊन पाळले. गर्भपाताच्या कायद्याविषयी कोणतेही मत असलेला डॉक्टर, अधिकारी वा शिक्षक एवढे तर नक्कीच करू शकतो, की निदानाचा कागद आईच्या हाती ठेवताना तिच्यासमोर बसावे, तिला पुरेसा वेळ द्यावा, आणि मूल जन्मले असेल तर आधी त्याचे नाव विचारावे.